पक्षिशास्त्रज्ञ थॉमस जेर्डन

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादच्या, पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर कुंडलिका नदीच्या काठी जालना हे गाव वसले आहे. १९८१ साली स्वतंत्र जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे सैन्याची छावणी होती. मुलूख हैदराबादच्या निजामाचा. परंतु छावणीत पलटणी येऊन राहत त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या. मद्रासेच्या सैन्यातील दुसरा हलका रिसाला या छावणीत येऊन दाखल झाला, तेव्हा त्याच्याबरोबर एक तरुण शल्यवैद्यही आला. त्याचे नाव थॉमस कॅव्हरहिल जेर्डन.

रिसाल्यातील शिपायांची दुखणी पाहावी, औषधपाणी करावे, एवढेच काय ते या डॉक्टरांचे नेमलेले काम. तथापि आज त्यांचे नाव वैद्य म्हणून कोणी घेत नाही. भारतातील पक्ष्यांचे पहिले समग्र वर्णन करणारे शास्त्रज्ञ म्हणून जग त्यांना ओळखते. एका चंडोलाला, एका रातव्याला, एका धाविकाला आणि आणखी कित्येक प्राण्यांना त्यांचे नाव चिकटलेले आहे. शिवाय, पक्ष्यांना झोपेत स्वप्ने पडतात काय, हा जो एक विलक्षण प्रश्न शास्त्रज्ञांपुढे शतकानुशतके उभा होता, त्याच्या इतिहासातही या डॉक्टरांना एक लहानसे, पण पक्के स्थान मिळालेले आहे.

जेर्डन यांचे घराणे स्कॉटलंडमधील. त्यांचा जन्म मात्र इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात १२ ऑक्टोबर १८११ रोजी झाला. पुढे ते एडिंबरो येथील विद्यापीठात शिकावयास गेले. वैद्यकाबरोबरच तेथे त्यांनी रॉबर्ट जेमसन या प्राध्यापकांच्या सृष्टिविज्ञानाच्या वर्गात हजेरी लावली. त्यांच्या थोडेच आधी याच विद्यापीठात, याच जेमसन यांच्या वर्गात, चार्ल्स डार्विन नावाचा एक विद्यार्थी बसत असे. डार्विनला ती व्याख्याने अतिशय रटाळ वाटली आणि शस्त्रक्रियेचे दृश्य सहन न झाल्यामुळे वैद्यकाचे शिक्षण अर्धवट टाकून तो निघून गेला. जेर्डन यांना मात्र वैद्यकही मानवले आणि सृष्टिविज्ञानाची गोडीही लागली. एकाच वर्गात वेगवेगळ्या वर्षी बसलेल्या या दोघांची नावे पुढे सुमारे चाळीस वर्षांनी एका ग्रंथाच्या पानावर एकत्र यावयाची होती.

१८३५ साली जेर्डन यांची कंपनीच्या सैन्यात साहाय्यक शल्यवैद्य म्हणून नेमणूक झाली आणि १८३६ च्या फेब्रुवारीत ते मद्रासेच्या बंदरात उतरले. प्रथम त्यांना गंजम भागात धाडण्यात आले. तेथे तापाने व हगवणीने सैन्यात थैमान घातले होते. रोग्यांच्या सेवेतून जो काही वेळ हाती लागे, तो त्यांनी पूर्वघाटातील पाखरे गोळा करण्यात घालविला. नवा देश, नवी पाखरे. आपण पाहतो आहोत तो पक्षी कोणता, हे सांगणारे पुस्तक नाही की जाणता सोबती नाही. म्हणून त्यांनी जमविलेले पक्षी पेटाऱ्यात नीट बांधून स्कॉटलंडमधील प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ सर विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठविले. जार्डिन यांनी ते ओळखून नावे कळवावीत, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु जहाजाचा प्रवास महिनोन्महिन्यांचा. पेटारा पोहोचला तेव्हा पक्ष्यांच्या कातड्यांना कसर लागलेली होती! एवढ्या कष्टांनी मिळविलेला संग्रह अळ्यांनी फस्त केला. दुसरा एखादा असता तर त्याने हा नाद तेथेच सोडला असता. जेर्डन यांनी त्यातून निराळाच निश्चय केला. यापुढे विलायतेच्या तोंडाकडे पाहावयाचे नाही. पक्षी जेथे राहतो तेथेच त्याला पाहावयाचे, आणि तो कोण हे आपल्याच डोळ्यांनी व आपल्याच बुद्धीने ठरवावयाचे. त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया या कसर लागलेल्या पेटाऱ्याने घातला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१८३७ च्या मार्चमध्ये त्यांची बदली दुसऱ्या हलक्या रिसाल्याकडे झाली. हा रिसाला त्रिचनापल्लीहून दख्खनेत जालन्यास आला आणि पुढची सुमारे चार वर्षे जेर्डन यांनी या प्रदेशात काढली.

जालन्याच्या आसपासचा मुलूख कसा आहे, हे मराठवाड्यातील मुलांस सांगावयास नकोच. दूरवर पसरलेली काळी जमीन, मधूनच उघड्या खडकाळ टेकड्या, कुसळी गवताची माळराने, ओढ्याकाठी बाभळी आणि गावाजवळ चिंचेचे किंवा वडाचे एखादे झाड. दाट अरण्याची ज्याला ओढ आहे, त्याला हा प्रदेश उजाड वाटेल. परंतु पक्ष्यांचा शोध घेणाऱ्याला माळरान म्हणजे उघडे पुस्तकच. ज्वारीच्या ताटांवर उतरणारे थवे, आकाशात उंच चढून गाणारा चंडोल, पहाटे पाणवठ्यावर जोडीजोडीने येणाऱ्या पखुर्ड्या, पावसाळ्यात गवतातून उंच उडी घेणारा तणमोर आणि मान ताठ करून राजासारखा चालणारा माळढोक, हे सारे त्या काळी दख्खनच्या माळावर नांदत होते. त्यांतील माळढोक आज महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास करण्याची रीत आजच्याहून फार निराळी होती. आजच्यासारख्या चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, छायाचित्रे नव्हती. पक्षी बंदुकीने टिपावयाचा, त्याची मोजमापे घ्यावयाची, कातडे सोलून त्याला आतून सोमलाचा लेप द्यावयाचा आणि पेंढा भरून ते वाळवावयाचे. आज ही रीत आपणांस क्रूर वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळी पक्ष्याची खात्रीलायक ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. मेलेल्या पक्ष्याच्या डोळ्यांचा व पायांचा रंग पाहता पाहता उडून जातो. म्हणून तो तत्काळ लिहून ठेवावा लागे. दख्खनच्या उन्हात हे काम किती त्वरेने करावे लागत असेल, याची कल्पना करता येते.

केवळ कातडी जमविणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. जेर्डन यांचे वेगळेपण असे की, जिवंत पक्षी काय करतो, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. तो कोठे बसतो, काय खातो, कोणत्या ऋतूत येतो व केव्हा नाहीसा होतो, घरटे कसे बांधतो, कसा ओरडतो, या सर्व गोष्टी ते पाहत आणि टिपून ठेवीत. शिवाय गावोगावच्या पारध्यांना आणि ससाणे पाळणाऱ्या शिकाऱ्यांना जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते कोणत्याही पुस्तकात नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्याकडून माहिती घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांच्या ग्रंथांत पक्ष्यांच्या लॅटिन नावांच्या जोडीला हिंदुस्थानी, तेलुगू, तमिळ आणि मराठी नावेही दिलेली आढळतात. ती नावे सांगणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या काळातील ग्रंथांचे हे एक उणेच आहे.

१८३९ पासून मद्रासेच्या एका विद्वन्मान्य नियतकालिकात जेर्डन यांची दक्षिण भारतातील पक्ष्यांची सूची क्रमाने छापली जाऊ लागली. तीत जालन्याचा आणि दख्खनेतील इतर ठिकाणांचा उल्लेख वारंवार येतो. त्यानंतर १८४३ ते १८४७ या काळात त्यांनी ५० पक्ष्यांची रंगीत चित्रे असलेला एक सुंदर ग्रंथ मद्रासेहून प्रसिद्ध केला. त्यातील मूळ चित्रे काढण्याचे काम देशी चित्रकारांनी केले होते. इंग्लंडमधील नामांकित चित्रग्रंथांच्या तोडीची ही चित्रे होती. याच सुमारास, १८४१ साली, त्यांचा विवाह फ्लोरा मॅक्लिऑड यांच्याशी झाला. त्या स्वतः वनस्पतींची चित्रे काढण्यात निष्णात होत्या.

दख्खन सोडल्यावर जेर्डन निलगिरीत आले व तेथून नेल्लोर येथे सरकारी शल्यवैद्य म्हणून गेले. नेल्लोरच्या रानात यानादी नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या मदतीने जेर्डन यांना अनेक दुर्मिळ प्राणी पाहावयास मिळाले. येथेच त्यांना एक अनोखा धाविक आढळला. दिवसभर झुडपांच्या आडोशाला गप्प राहावयाचे आणि रात्री बाहेर पडावयाचे, अशी या पक्ष्याची रीत. १८४८ साली कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास जेर्डन यांचे नाव दिले. १९०० सालानंतर हा पक्षी कोणाच्याच दृष्टीस पडला नाही आणि तो नामशेष झाला, असे सर्वांनी गृहीत धरले. पुढे १९८६ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांना तो पुन्हा सापडला! तेथून पुढे जेर्डन मलबारच्या किनाऱ्यावर तेल्लिचेरीस गेले, तर त्यांनी तेथे मुंग्यांचाच अभ्यास आरंभिला. उड्या मारीत चालणाऱ्या एका चमत्कारिक मुंगीचे वर्णन प्रथम त्यांनीच केले. नंतर मध्य भारतातील सागर येथे त्यांची नेमणूक झाली.

अशी पंचवीस वर्षे गेली. भारताच्या निरनिराळ्या भागांतील पक्ष्यांविषयी बरीच माहिती आता गोळा झाली होती; परंतु ती शेकडो नियतकालिकांत विखुरलेली होती. लहान गावी राहणाऱ्या एखाद्या हौशी अभ्यासकाला ती मिळविणे केवळ अशक्य. ही सर्व माहिती एकत्र करून, कोणालाही हाती धरून पक्षी ओळखता येईल असा ग्रंथ लिहावा, हा विचार जेर्डन यांच्या मनात घोळत होता. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी या कल्पनेस उत्तेजन दिले आणि जेर्डन यांना नेहमीच्या कामातून मोकळे करून या कार्यासाठी नेमले. १८६२ साली ‘द बर्ड्‌स ऑफ इंडिया’ या ग्रंथाचा पहिला खंड कलकत्त्यास छापून निघाला आणि १८६४ पर्यंत तो ग्रंथ पूर्ण झाला. त्यात १००८ जातींच्या पक्ष्यांचे वर्णन आहे. कसर लागलेल्या पेटाऱ्यापासून येथवर मजल येण्यास पाव शतक लागले होते. पुढे १८६७ साली त्यांनी सस्तन प्राण्यांवरही असाच ग्रंथ लिहिला.

या पक्षिग्रंथाच्या पहिल्या खंडाला जेर्डन यांनी एक प्रदीर्घ प्रस्तावना जोडली आहे. तीत पक्ष्यांची हाडे, पिसे, पचन, ज्ञानेंद्रिये यांची माहिती आहे. त्याच ओघात त्यांनी पक्ष्यांच्या स्वप्नांचाही उल्लेख केला. हजारो नोंदींच्या ग्रंथात ही गोष्ट अगदी लहान. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिच्याकडे लक्षही दिले नसेल.

परंतु हा प्रश्न फार जुना होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याचा विचार केला होता. कुत्री झोपेत भुंकतात, त्याअर्थी त्यांना स्वप्ने पडत असली पाहिजेत. घोडे, बैल, मेंढ्या आणि बकऱ्या यांनाही ती पडतात, असे त्याचे मत होते. मात्र जे प्राणी अंडी घालतात, ते झोपतात एवढे निश्चित असले तरी त्यांना स्वप्ने पडतात की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही, असे म्हणून त्याने तो भाग मोकळा सोडला. पक्षी अंडी घालतात. म्हणजे पक्ष्यांचा प्रश्न तेव्हापासून दोन हजारांहून अधिक वर्षे अनुत्तरित राहिला होता.

स्वप्नासारख्या क्षुल्लक गोष्टीचा एवढा ऊहापोह कशासाठी, असे कोणासही वाटेल. पण स्वप्न म्हणजे काय, याचा थोडा विचार करा. समोर नसलेली वस्तू झोपेत मनापुढे उभी राहते, तेव्हा स्वप्न पडते. त्यासाठी पूर्वी पाहिलेले आठवावे लागते. त्याची जुळवाजुळव करावी लागते. म्हणजे स्मृती हवी आणि कल्पनाशक्तीही हवी. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त आणि त्याचे अनुयायी यांचे म्हणणे असे होते की, प्राणी ही केवळ यंत्रे आहेत. विचार करणारे मन मनुष्यालाच मिळालेले आहे. यंत्राला स्वप्न पडत नाही. तेव्हा झाडावर झोपलेल्या चिमणीला जर खरोखरच स्वप्न पडत असेल, तर मनुष्य आणि प्राणी यांच्यामध्ये उभारलेली ही भिंत डळमळू लागते.

चार्ल्स डार्विन यांना नेमके हेच हवे होते. १८७१ साली त्यांनी मनुष्याच्या उत्पत्तीविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. मनुष्याचे शरीरच नव्हे, तर मनही इतर प्राण्यांपासून क्रमाक्रमाने विकसित झाले, असे त्यांना त्यात दाखवावयाचे होते. त्यासाठी प्राण्यांच्या स्मृतीचे उदाहरण त्यांनी स्वतःच्याच घरचे दिले. परक्या माणसांवर धावून जाणारा त्यांचा एक कुत्रा होता. डार्विन जगप्रवासाहून परत आले तेव्हा ५ वर्षे आणि २ दिवस लोटले होते. त्यांनी तबेल्यापाशी जाऊन नेहमीसारखी हाक मारली. कुत्र्याने फारसा आनंद दाखविला नाही; पण अर्ध्या तासापूर्वीच भेट झाली असावी, तसा तो त्यांच्यामागून चालू लागला व त्यांची आज्ञा पाळू लागला. स्मृतीनंतर डार्विन कल्पनाशक्तीकडे वळले आणि तेथे त्यांनी स्वप्नांचा आधार घेतला. कुत्री, मांजरे, घोडे, बहुधा सर्वच उच्च प्रतीचे प्राणी आणि पक्षीसुद्धा स्वप्ने पाहतात. झोपेतील त्यांच्या हालचालींवरून व आवाजांवरून हे दिसते. त्याअर्थी त्यांच्या ठायी थोडीबहुत कल्पनाशक्ती आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. कुत्र्यामांजरांविषयी साक्षीची गरज नव्हती. पक्ष्यांविषयी मात्र भरवशाची साक्ष हवी होती. डार्विन यांनी पानाच्या तळाशी नाव दिले ते डॉ. जेर्डन यांचे, आणि ग्रंथ दिला तो भारतीय पक्ष्यांचा पहिला खंड.

डार्विन यांनी या ग्रंथात जेर्डन यांचा आधार इतरत्रही अनेकदा घेतला आहे. लाव्यासारखा दिसणारा एक लहान पक्षी आपल्याकडे असतो. त्याच्यात मादीच नराहून मोठी व भांडखोर असते आणि लोक झुंजीसाठी माद्याच पाळत, ही माहितीही त्यांनी जेर्डन यांच्याकडूनच घेतली. ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या शब्दाला डार्विन किती मान देत, हे यावरून समजून येते.

तथापि साक्ष म्हणजे सिद्धता नव्हे. झोपेत पाखराने पंख फडफडविले किंवा चिवचिवाट केला, म्हणजे त्याने काही पाहिले असे कशावरून? थंडीने अंग शहारले असेल, फांदी हलली असेल. माणसाला जागे करून काय पाहिलेस असे विचारता येते. पाखराला कोण विचारणार? या आक्षेपाला त्या काळी ना जेर्डन यांच्याजवळ उत्तर होते, ना डार्विन यांच्याजवळ. तसे उत्तर देण्यास लागणारे साधनच अद्याप जन्मले नव्हते.

जेर्डन यांची प्रकृती तोपर्यंत पार खालावली होती. ईशान्येकडील आसाम व खासी टेकड्यांच्या भागात पक्ष्यांचा शोध घेत असता ते आजारी पडले, ते पुरते बरे झालेच नाहीत. १८६८ साली त्यांनी नोकरीतून निवृत्ती घेतली आणि १८७० साली इंग्लंडला परत गेले. १२ जून १८७२ रोजी लंडनजवळील अपर नॉरवुड येथे, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांचा पक्षिग्रंथ मात्र अभ्यासकांच्या हाती राहिला. १८७७ साली तो पुन्हा छापावा लागला. भारतीय पक्ष्यांचा प्रचंड संग्रह करणारे ॲलन ह्यूम यांच्यासारख्या पुढील पिढीच्या संशोधकांनी आपल्या कामाची उभारणी याच ग्रंथाच्या पायावर केली.

स्वप्नाच्या प्रश्नाला नवी वाट फुटली ती विसाव्या शतकात. मेंदूत सतत सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह वाहत असतात आणि ते कागदावर रेषांच्या रूपाने उमटविता येतात, असे आढळून आले. १९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन या संशोधकांनी झोपलेल्या माणसांचे निरीक्षण करून असे दाखविले की, रात्रीतून अनेकदा मिटलेल्या पापण्यांआड डोळे भरभर फिरू लागतात आणि त्याच वेळी मेंदू जागेपणी असतो तसा सतेज होतो. अशा वेळी माणसाला उठविले, तर तो बहुधा स्वप्न सांगतो. अशीच झोप नंतर मांजरांत आढळली, इतर सस्तन प्राण्यांत आढळली आणि पक्ष्यांतही आढळली. पक्ष्यांत तिचा एकेक टप्पा बहुधा काही सेकंदांचाच असतो.

या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. म्हणूनच स्वप्नात आपण धावलो, तरी अंथरुणातून उठून पळत सुटत नाही. फ्रान्समधील लिआँ येथे मिशेल जूव्हे यांनी असे शोधून काढले की, मेंदूच्या बुडाशी असलेला एक लहानसा भाग स्नायूंना असे जखडून ठेवतो. हा भाग निकामी झालेले मांजर गाढ झोपेतच उठून उभे राही, दबकत पुढे सरके आणि जेथे काहीच नाही तेथे झडप घाली. १९५९ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रयोगांनी शास्त्रज्ञ थक्क झाले. झोपलेले मांजर कोणती शिकार पाहत होते, हे जणू त्याचे शरीरच सांगत होते.

आणि पाखरे? २००० साली त्याच शिकागो विद्यापीठातील अमिश दवे आणि डॅनियल मार्गोलिआश यांनी ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच या चिमुकल्या पाखरावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. हे पाखरू आपल्याकडील मुनियांच्याच कुळातले. याचे पिलू आपल्या बापाचे गाणे ऐकून गाणे शिकते. दिवसा पाखरू गात असताना गाण्याशी संबंधित अशा मेंदूच्या एकेका पेशीतून विद्युत्‌संदेश कोणत्या क्रमाने निघतात, याची संशोधकांनी नोंद केली. रात्री पाखरू झोपले, चोच मिटलेली, घशातून आवाज नाही. तरीही त्याच पेशींतून मधूनमधून संदेश निघत होते. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी त्या तंतोतंत जुळल्या! झोपलेले पाखरू मनातल्या मनात दिवसाचे गाणे पुन्हा म्हणत होते. पुढच्याच वर्षी, उंदीर जी वाट दिवसा धावतो, ती वाट झोपेतही त्याच्या मेंदूत उमटते, असे अमेरिकेतच दुसऱ्या संशोधकांनी दाखविले.

पैठणजवळच्या नाथसागरावर हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरतात. बदकांच्या झोपेविषयी १९९९ साली अशी गोष्ट सिद्ध झाली की, थव्याच्या कडेला झोपणारे बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवते आणि त्याचा अर्धा मेंदू तेवढा वेळ जागा राहतो, अर्धा झोपतो. मध्यभागी झोपलेली बदके मात्र दोन्ही डोळे मिटून निर्धास्त असतात. पाखरांची झोप ही माणसाच्या झोपेची नुसती नक्कल नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

२०२३ साली युरोपातील संशोधकांनी कबुतरांना एका मोठ्या यंत्रात स्वस्थ झोपण्याची सवय लावली आणि झोपेत त्यांच्या मेंदूचा कोणता भाग कार्य करतो, हे त्या यंत्राने पाहिले. डोळे फिरविणाऱ्या झोपेचा टप्पा आला की, पाहण्याचे काम करणारे भाग सतेज होत. त्यांतही, उडताना भोवतालची दृश्ये भराभर मागे सरकतात, ती टिपणारे भाग विशेष. पंखांकडून येणारी संवेदना ज्या भागाला कळते, तोही त्याच वेळी जागा होई. कबुतर उडण्याचे स्वप्न पाहत असावे, असा तर्क संशोधकांनी केला आहे. तर्कच तो, कारण त्याला जागे करून विचारण्याची सोय अजूनही कोणास सापडलेली नाही.